पेला आणि गाठ



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या व्याख्यानाचे नाव वाचून या मालेच्या एका वयस्क सभासदांनी मघाशी आम्हाला जिन्यातच अडवले. "पेला म्हणजे कसला हो? पाण्याचा ना?" आम्ही म्हटले, "द्राक्षाचा." ते म्हणाले, "मग ठीक." दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा थांबले. "द्राक्षाचा म्हणजे?" तेवढ्यात घंटा झाली आणि त्यांचे उत्तर द्यायचे राहून गेले. ते गृहस्थ आता पहिल्या रांगेत बसले आहेत. तेव्हा आजचे आमचे सगळे बोलणे हे त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजावे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गिरणगावात वाढलेला माणूस वसंत ऋतूतल्या प्रसन्न संध्याकाळी आयाबहिणींसमोर उभा राहून मद्याची थोरवी गाईल, इतके आम्ही निर्लज्ज नाही. आम्ही स्वतः आजवर मद्य घेतलेले नाही. तरीही आमच्या विद्यार्थिदशेतला जो एक दिवस आम्हाला पुन्हा पुन्हा आठवतो, तो मद्याची चव पारखण्याचा दिवस होता. हे कसे, तेच सांगायचे आहे.

आमचे वडील लालबागेतल्या एका गिरणीत विणाई खात्यात साच्यावर होते आणि आई दुसऱ्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात. मूळ गाव साताऱ्याकडचे. चाळीतली दहा बाय बाराची खोली. तिच्यात आम्ही पाच माणसे आणि पाळीपाळीने झोपणारे गावाकडचे दोन काका. पगाराच्या दिवशी आई आपली पाळी सुटली की घरी न येता वडिलांच्या गिरणीच्या दरवाजावर जाऊन उभी राही. तिच्यासारख्या आणखी वीस-पंचवीस जणी तिथे असत. एकमेकींशी बोलत नसत. सगळ्यांच्या नजरा दरवाजाकडे. कारण दरवाजा आणि चाळ यांच्यामध्ये गुत्ता होता, आणि तिथे वडील आधी पोहोचले की त्या महिन्यात वाण्याची वही आईला फार जड जाई.

वडील वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. आठ तास साच्यांच्या खडखडाटात उभे राहून कानाचे दडे बसलेला तो माणूस गुत्त्यात उभ्या उभ्या, कोणाकडे न पाहता, औषध प्यावे तसा पेला रिकामा करी आणि मान खाली घालून घरी येई. त्यांच्या तरुणपणी, 1950 पासून, मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी होती. 1960 च्या दशकात ती सैल झाली. पण दारूबंदीने शिकवलेली चोरून पिण्याची रीत मागे राहिली. आमच्या लहानपणी दारू म्हणजे काय, असे कोणी विचारले असते, तर आम्ही म्हटले असते: जी एकट्याने, उभ्याने आणि घाईने प्यायची असते ती.

1984 साली आम्हाला परदेशी शिकायला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा आईने दुसरे काही मागितले नाही. विठोबाच्या तसबिरीपुढे उभे केले, तळहातावर तुळशीचे पान ठेवले आणि म्हणाली, "त्या बाटलीला शिवनार न्हाईस, येवढं बोल." आम्ही बोललो.

आईला अशी शपथ देऊन साता समुद्रापार जाणारे आम्ही पहिले नव्हतो. 1888 मध्ये महात्मा गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनीही आपल्या आईला मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन दिले होते. पण बॅरिस्टर होण्याची तिथली रीत मोठी गमतीची. नुसती परीक्षा देऊन भागत नसे. आपल्या संस्थेच्या भोजनगृहात प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा पंगतीला बसावेच लागे. एका सत्रात निदान सहा, अशी बारा सत्रे. म्हणजे कायदा जितका वाचायचा, तितकेच जेवायचे! चौघाचौघांचा गट करून बसायचे आणि प्रत्येक चौघांमागे मद्याच्या दोन बाटल्या ठेवलेल्या असायच्या. आता चौघांपैकी एक जण मद्याला हातच लावत नसेल, तर त्याचा वाटा उरलेल्या तिघांचा. गांधींनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की यामुळे आपल्या गटात त्यांनी बसावे म्हणून त्यांना फार मागणी असे. न पिणारा माणूस पंगतीत नकोसा होईल, ही भीती खोटी ठरली. तोच सर्वांना हवासा झाला. विनोद बाजूला ठेवला, तरी त्यात एक मर्म आहे. पंगतीला बसणे निराळे आणि पेला रिकामा करणे निराळे.

तशाच दुसऱ्या एका भोजनगृहात, ग्रेज इन या संस्थेत, आपल्या परळच्या बी. आय. टी. चाळीत राहणाऱ्या एका तरुणाने 1916 साली नाव घातले आणि 1922 मध्ये तो बॅरिस्टर झाला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साताऱ्याच्या शाळेत शिपायाने वरून ओतले तरच ज्यांना पाणी मिळे, तो शिपाई नसेल त्या दिवशी तहानच गिळावी लागे, त्यांना तिथे बॅरिस्टर होण्यासाठी इतरांच्या मांडीला मांडी लावून जेवणे सक्तीचे होते! ज्या गोष्टीला आपल्याकडे बंदी, तीच तिथे परीक्षेची अट. आमच्या मते सहभोजनावर याहून मोठे भाष्य कोणाला करता येणार नाही.

आपल्या मुंबईला हे कळत नव्हते असे नाही. 1849 च्या सुमारास इथेच परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान तिच्यात होते. जातिभेद मानणार नाही म्हणून सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, असा तिचा दंडक. पण हे सारे दारे लावून. सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. एका पावाच्या तुकड्याने समाज हादरतो, याचा अर्थ एवढाच, की माणूस कोणाबरोबर काय तोंडात घालतो, यावर तो कोणाचा हे ठरते असे आपण मनातून मानतो. हा समज पाठीशी बांधूनच आम्ही फ्रान्सला गेलो.

आम्ही गेलो त्या गावाचे नाव म्युलूज. फ्रान्सच्या पूर्व टोकाला अल्सास नावाचा प्रांत आहे, त्यातले हे कापडगिरण्यांचे गाव. माटुंग्याला वस्त्रतंत्राचे शिक्षण घेतलेल्या लालबागच्या मुलाने तिथे जावे यात नवल नव्हते. नवल पुढेच आहे. म्युलूजचा कापडधंदा मुळी आपल्यामुळे उभा राहिला. सतराव्या शतकात हिंदुस्थानी छिटांनी युरोपातल्या बायकांना इतके वेड लावले, की आपले विणकर बुडतील म्हणून फ्रान्सच्या राजाने 1686 मध्ये छिटांवर बंदी घातली. ती 1759 पर्यंत टिकली. म्युलूज त्या काळी फ्रान्समध्ये नव्हते. ते स्वतंत्र नगरराज्य होते. तिथल्या मंडळींनी 1746 मध्ये आपल्या छिटांच्या नकला छापण्याचा कारखाना काढला. त्या कापडाचे नावच मुळी ‘एंदिएन’, म्हणजे हिंदुस्थानी. तिथल्या कापडछपाईच्या संग्रहालयात ती जुनी कापडे आम्ही पाहिली. परक्या गावात आपल्या आजीचे लुगडे दोरीवर वाळत घातलेले दिसावे, तसे वाटले.

पण आम्ही गेलो त्या वेळी तिथल्या गिरण्यांनाही उतरती कळा लागली होती. आणि मागे मुंबईत 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप मोडल्यात जमा होता, पण कोणी मागे घेतलेला नव्हता. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले होते. आमचे आईवडील त्यांतले दोन. आईच्या पत्रात ‘सर्व खुशाल’ एवढे असे. अक्षर शेजारच्या मुलीचे, आणि पत्राच्या घडीला डाळीचा वास. आई दुसऱ्यांची डाळ निवडून देत होती, हे त्या वासावरून आम्हाला समजले.

अशा मनःस्थितीत ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आमचा एक वर्गमित्र म्हणाला, "उद्या आमच्या घरी चल. द्राक्षांची तोडणी आहे. दिवसभर तोडायची, संध्याकाळी तळघरात चव घ्यायची." आमच्याबरोबर मोरोक्कोचा एक विद्यार्थी निघाला. त्याला त्याच्या धर्माने मद्य वर्ज्य, आम्हाला आईने. म्युलूजहून कोल्मारपर्यंत गाडी, तिथून दुसरी लहान गाडी, आणि तुर्कहाइम हे तटबंदीतले चिमुकले गाव. मागे व्होज पर्वत. तो पश्चिमेचे ढग अडवतो. आपल्या सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटाव कोरडे, तसे याच्या पूर्वेचे कोल्मार कोरडे. पाऊस कमी, ऊन चांगले, म्हणून द्राक्ष गोड.

ग्रॅनाइटच्या उतारावर वेलींच्या ओळी होत्या. कात्रीने घड कापायचा, बादलीत टाकायचा, बादली भरली की पाठीवर डोण घेऊन फिरणाऱ्याच्या डोणीत रिती करायची. तासाभरात कंबर धरली. मित्राचे वडील रांगडे शेतकरी; हात आमच्या वडिलांच्या हातांसारखेच, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेले. दुपारी त्यांनी एका वेलीच्या बुंध्याशी बसवून आम्हाला जमिनीच्या जरा वर आलेले एक गाठोडे दाखवले. म्हणाले, "हे बघ. वरचा वेल आमचा, खालचे मूळ अमेरिकेचे." एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड अमेरिकेतून आली आणि तिने फ्रान्सचे मळेच्या मळे उजाड केले. अनेक औषधे झाली. उपाय सापडला तो असा, की जिथून कीड आली तिथलेच मूळ घ्यायचे, कारण त्याला त्या किडीची सवय असते. आणि त्यावर आपल्या वेलीचे कलम बांधायचे. आज आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागायतदारही डॉगरिज नावाच्या परदेशी खुंटावर द्राक्षाचे कलम करतात, ते याच जातीचे शहाणपण. ज्या फ्रेंच मद्याचा एवढा अभिमान, ते दुसऱ्याच्या मुळावर उभे आहे, हे तो शेतकरी न लाजता सांगत होता.

संध्याकाळी तळघरात उतरलो. पुढे मित्राचे वडील, हातात पेटती मेणबत्ती. वीज असताना मेणबत्ती कशाला? तर रस आंबताना साखरेचे मद्य होते आणि जोडीला कर्बवायू सुटतो. तो जड, म्हणून खाली साठतो, आणि त्याला वास नाही. ज्योत मंदावली की माणसाने मागे फिरायचे, ही जुनी रीत. ज्योत नीट जळत होती. पिंपांमधून बुडबुड असा आवाज येत होता, चाळीतल्या सगळ्या चुलींवर एकदम आधण आल्यासारखा.

लांबट टेबल, त्यावर हिरव्या दांड्याचे पेले, पाव, अक्रोड, आणि मधोमध एक मातीचे भांडे. बाकाच्या टोकाला मित्राची आजी लोकरीचे विणकाम घेऊन बसलेली. घरात तिला मामेमा म्हणत. मित्राच्या वडिलांनी पहिली बाटली उघडली, आणि आम्ही दोघांनी आपापली अडचण चाचरत सांगितली. आमच्या मनात धाकधूक, की यजमानाचा अपमान होणार. त्यांनी मान हलवली, एका पिंपाकडे गेले आणि त्याच दिवशी पिळलेला ताजा रस आमच्या दोघांच्या पेल्यांत ओतला. "हे अजून मद्य झालेले नाही," म्हणाले, "उद्या होऊ लागेल." आम्हाला एकदम दादर स्टेशनची नीरा आठवली. पहाटे माडावरून उतरलेली, चुना लावलेल्या मडक्यातली. सकाळी नीरा आणि पुढे ताडी. ते आम्ही मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितले. माडावर चढणारा आमचा भंडारी त्यांना फार आवडला. "शिडी न लावता?" असे त्यांनी तीनदा विचारले.

मग चव घेणे सुरू झाले, आणि आमची पहिली समजूत तिथेच पडली. ती मंडळी पीतच नव्हती! पेला उजेडासमोर धरून रंग पाहायचा, हलकेच फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, मग एक लहान घोट तोंडात घोळवायचा, आणि त्या मातीच्या भांड्यात चूळ टाकायची. आधी साधे, कोरडे, मग रीस्लिंग, सुगंधी आणि गोडसर सगळ्यात शेवटी. ज्या वस्तूसाठी बाप वर्षभर राबला ती मुलगा थुंकून टाकतो आणि बाप आनंदाने विचारतो, "काय लागले?" मग बोलणे. त्या वर्षी पाऊस कधी आला, कोणत्या उतारावरचे, मागच्या वर्षीपेक्षा आंबट का. एका घोटामागे पाच मिनिटांचे बोलणे. आमच्या लालबागच्या गुत्त्यात बोलण्याला जागाच नव्हती.

शेवटचे मद्य गेव्हुर्त्स्ट्रामिनर नावाचे. मित्राचे वडील आम्हा दोघांना म्हणाले, "तुमच्या नाकाने काही शपथ घेतलेली नाही ना?" आम्ही पेला नाकाशी नेला आणि तोंडातून मराठीच शब्द निघाला: "गुलाबपाणी!" मोरोक्कोच्या मुलाने त्याच क्षणी आपल्या भाषेत तेच म्हटले. त्याच्याकडेही लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतात. तिथली मंडळी त्या मद्यात गुलाब असतो असे पुस्तकी रीतीने म्हणत. पण दाराशी उभे राहून गुलाबदाणीने स्वागत करतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही रिकामी बाटली हातात घेऊन ते कसे करतात याचा अभिनय केला. सगळे हसले. मामेमा हसली नाही. तिने आपला हात पुढे केला, शिंपडून घ्यायला.

मग तिने विचारले, "तुझा बाप काय करतो?" ती फ्रेंच बोलत नव्हती, अल्सासची जर्मनसारखी बोली बोलत होती. नातू अर्थ सांगत होता. या बाईचा जन्म 1908 चा. 1871 पासून तो प्रांत जर्मनीकडे होता, म्हणून जन्माने ती जर्मन. 1918 मध्ये, दहाव्या वर्षी, ती फ्रेंच झाली. 1940 मध्ये पुन्हा जर्मन, 1945 मध्ये पुन्हा फ्रेंच. घर तेच, मळा तोच, तळघर तेच. फक्त शाळेतली भाषा आणि कचेरीवरचे निशाण बदलत गेले. 1956 नंतरचा आपला सीमाभाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. 1942 पासून तिथल्या एक लाखाहून जास्त तरुणांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात भरती केले. ‘आमच्या इच्छेविरुद्ध गेलेले’ असे त्यांना आजही म्हणतात. हजारो परत आले नाहीत. मामेमाचा धाकटा भाऊ त्यांत एक.

आम्ही सांगितले, "वडील गिरणीत होते, विणाई खात्यात. आता संप आहे." "आणि आई?" "तीही गिरणीत. वाइंडिंगमध्ये. दिवसभर तुटलेले धागे जोडते."

नातवाने भाषांतर केले आणि म्हातारीच्या सुया थांबल्या. लग्नाआधी सात वर्षे ती पलीकडच्या खोऱ्यातल्या सूतगिरणीत होती, त्याच कामावर. तिने मांडीवरच्या गुंड्यातला धागा दोन्ही हातांनी ओढून तोडला. दोन टोके डाव्या चिमटीत एकमेकांवर आडवी धरली, एक धागा अंगठ्याभोवती फिरवला, दुसरे टोक त्या फाशात सारले आणि ओढले. चुटकी वाजवायला लागेल एवढा वेळ. मग तो धागा पुन्हा तोडून आमच्यापुढे धरला. डोळ्यांनी म्हणाली, कर.

श्रोतेहो, ती गाठ आम्हाला आईने सहाव्या वर्षी शिकवली होती, वेळ जावा म्हणून, फाटक्या गोधडीच्या दोऱ्यावर. ती लहान असते, सरकत नाही, फणीतून जाताना अडत नाही. आम्ही मारली. म्हातारीने धागा उजेडाकडे नेला, गाठीवरून नख फिरवले आणि पहिल्यांदा हसली. काही बोलली. नातवाने सांगितले, "ती म्हणते, तुझ्या आईचा हात चांगला आहे."

त्या तळघरात दुसरे काही घडले नाही. आम्ही अक्रोड खाल्ले, रस प्यायलो, शेवटची गाडी धरली. पण परक्या देशात महिनाभर जो मुलगा ‘पूर्वेकडचा विद्यार्थी’ होता, तो त्या संध्याकाळी आपल्या आईचा मुलगा झाला होता.

आमच्या भाषेत गाठ या शब्दाला दोन अर्थ आहेत. धाग्याची गाठ असते आणि माणसांचीही गाठ पडते. या दोन गोष्टींना एकच शब्द देणाऱ्या पूर्वजांना काय म्हणायचे होते, ते आम्हाला तिथे उमगले. अखंड धाग्याला गाठ लागत नाही. दोन टोके तुटलेली असावी लागतात. तिचा भाऊ गेलेला, आमचे घर संपात सापडलेले, त्या मोरोक्कोच्या मुलाचे घर समुद्रापलीकडे. पेला हे तिथे निमित्त होते. पण निमित्तही लागते, हे नाकबूल करून चालणार नाही. माणसे काहीतरी मध्ये ठेवल्याशिवाय बसत नाहीत.

आता पहिल्या रांगेतल्या आमच्या मित्राच्या शंकेकडे वळतो. म्हणजे सभ्य रीतीने प्यावे, असे आमचे सांगणे आहे काय? नाही. फ्रान्सचा अनुभवही तसा नाही. 1960 च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त द्राक्षमद्य खपत असे. आज त्याच्या निम्म्याहूनही कमी खपते. मद्याच्या जाहिरातींवर त्यांनी 1991 मध्ये कायद्याने बंधने घातली. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले, की अमुक एवढे मद्य निर्धोक, असे कोणतेच प्रमाण दाखवता येत नाही. आणि आपल्या शहरात 2004 मध्ये विक्रोळीला आणि 2015 मध्ये मालवणीला विषारी दारूने किती घरे बसली, ते आपण विसरलेलो नाही. मालवणीत शंभरावर माणसे मेली. त्यांच्या हातात मेणबत्ती देणारे कोणी नव्हते.

2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्षमद्याच्या उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण आणले. नाशिकच्या मळ्यांत आज पाहुणे चव घ्यायला जातात. 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून द्राक्षमद्य विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा केवढा वाद उठला! शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील, असे एक बाजू म्हणे; घरे बुडतील, असे दुसरी म्हणे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. आमचा प्रश्न तिसराच आहे. गिरणगावातल्या पुरुषाला दिवसभराच्या कामानंतर बसायला, कोणाशी दोन शब्द बोलायला, आपल्या कामाविषयी कोणी "काय लागले?" असे विचारायला जागा होती का? व्यायामशाळा होत्या, भजनी मंडळे होती, गणपतीचे मेळे होते, आणि त्यांनी असंख्य माणसे तारली. ज्यांना ते मिळाले नाही, ते गुत्त्यात उभे राहिले. बाटली काढून घेणे हे अर्धे काम झाले. बाक टाकून देणे हे उरलेले अर्धे.

1985 च्या उन्हाळ्यात आम्ही परतलो. वडिलांची गिरणी पुन्हा उघडलीच नव्हती. आम्ही त्या दिवसाची हकीगत सांगितली. वडील भिंतीला टेकून ऐकत होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "बापासमोर पोरगा चव घेतो, आन् बाप त्याला इचारतो?" आम्ही होय म्हटले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला कुनी इचारलं न्हाई." त्या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे फार तर उशिरा विचारलेला प्रश्न आहे.

आई मात्र उठली. फळीवरचे दोऱ्याचे रीळ काढले, हातभर दोरा तोडून आमच्यापुढे धरला. "त्या म्हातारीनं कशी मारली, दाव." आम्ही मारून दाखवली. तिने ती दिव्याकडे नेली, नख फिरवले, अगदी तशीच.

"आरं," ती म्हणाली, "ही तर आपलीच."

खाली चहाची व्यवस्था आहे असे चिटणीस सांगतात. तो मात्र उभ्याने आणि घाईने पिऊ नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.